आईचा पुसता न येणारा फोटो

"अजून रोल घालतेस?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. तसं ते लवकर फिरतं, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या वर्षांत हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारायचंच. हैदराबादेत तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, दिलसुखनगरला पावलागणिक कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि लग्नामुंजीत माणसं हातात चपटे डिजिटल कॅमेरे घेऊन फिरत होती. फोटो काढायचा, पाठीमागच्या पडद्यावर पाच डोकी "बघू, बघू" करत वाकायची, आणि झालं. मी मात्र पहिल्या पगारातून कोठीच्या बाजारात घेतलेला जुना रशियन कॅमेरा सोडायला तयार नव्हते. वजनाला वरवंटा. शटरचा आवाज असा की झोपलेलं मांजर उठून पळावं.

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. बरकतपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर आई आणि मी, दोघीच राहायचो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी लग्न का केलं नाही, हा आणखी एक डोकं फिरवणारा प्रश्न, तर तो राहू द्या. धाकटा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये होता. तो, वहिनी आणि त्यांची सात वर्षांची मुलगी दिलसुखनगरला राहायचे.

ब्लॅक अँड व्हाइट रोल मी घरीच धुवायचे, बाथरूममध्ये. औषध कोठीतून आणायचं, उन्हाळ्यात नळाचं पाणी कढत येतं म्हणून त्यात फ्रीजमधला बर्फ टाकायचा, आणि दार लावून बसायचं. "एवढ्या वेळात माणूस काशीला जाऊन येईल," आई बाहेरून म्हणायची. चाळीस वर्षं तिनं मुलींना मराठी शिकवलं होतं. तिचा आवाज दारातून, भिंतीतून, कशातूनही आत यायचा. आमच्या बिल्डिंगीत मराठी घरं चारच होती, पण नवरात्रात गच्चीवर भोंडला व्हायचा तो आईच्या जोरावर. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा, आणि सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ असलेली बाई ती एकटीच.

मग एका सकाळी चहा पिताना तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा गळला. मी हसले. म्हटलं, "काय गं, लहान मूल झालीस का?" तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचा अर्धाच चेहरा माझ्याकडे बघत होता. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, मेंदूला काही झालेलं नाही, येईल ठिकाणावर. औषधं झाली. आरशासमोर बसून गाल फुगवायचे, फुंकर मारायची, फुगे फुगवायचे, सगळं तिनं शाळेतल्या शिस्तीनं केलं. चेहरा बारा आणे परत आला. चार आणे राहिला तो राहिलाच. डावा ओठ खाली ओघळलेला, डावा डोळा पुरता मिटायचा नाही, आणि बोलताना प-फ-ब-म ही अक्षरं ओठांतून निसटायची. मराठीच्या बाईंच्या तोंडून अक्षरं निसटायची, म्हणजे बघा.

तरी ती खचली नव्हती. खचली ती त्या रविवारी. आजारपणानंतर पहिल्यांदाच भाची भेटायला आली. तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. दारात उभी राहिली, आजीकडे बघितलं आणि वहिनीच्या मागं जाऊन लपली. "आजीचं तोंड असं का झालं?" असं तिनं हळूच विचारलं, पण आमच्या घराण्यात हळू कुणाला बोलता येतं? आईनं ऐकलं. पदर उचलून तोंडावर धरला आणि "ये गं, लाडू खा," म्हणाली. तो पदर पुढं दीड वर्ष माझ्याखेरीज कुणासमोर खाली आला नाही.

घराबाहेर जाणं बंद. वाचनालय बंद. त्या वर्षी भोंडला झालाच नाही. शेजारणी विचारायला आल्या तर म्हणाली, "आता तुम्ही सांभाळा." सांभाळणार कोण? गाणी कुणाला येत होती! भाची यायची, आजी पदराआडून तिला गोष्टी सांगायची आणि पोरगी जमिनीकडे बघत ऐकायची. भीती गेली की नाही, ते विचारायची आमच्यापैकी कुणाचीच छाती झाली नाही.

दिवाळीत भावानं नवा डिजिटल कॅमेरा आणला. फराळाला सगळे बसलेले, आई लाडू देताना क्षणभर पदर सरकला, आणि यानं टिपलं. मोठ्या कौतुकानं पडदा तिच्यापुढं धरला. "आई, बघ, काय छान आलीयस!"

आईनं चष्मा लावून बघितलं. "पुसून टाक ते."

"अगं पण..."

"पुसून टाक म्हटलं ना?"

त्यानं बटण दाबलं. गेला फोटो. पाडव्याला परत तेच, भाऊबीजेला परत तेच. काढायचा, दाखवायचा, पुसायचा. मी भावाला स्वयंपाकघरात ओढलं. "अरे दगडा, दाखवतोस कशाला तिला?"

"ताई, ती मागते. नाही कसं म्हणू?" तो म्हणाला. बिचारा रडवेला झाला होता. आईच्या शब्दाबाहेर आम्ही दोघंही कधी गेलो नाही, त्यात त्याचा काय दोष.

त्या रात्री मला झोप आली नाही. आईचा आजारानंतरचा एकही फोटो नव्हता. माणूस घरात आहे, वरण ढवळतंय, माझ्यावर ओरडतंय, आणि कुठंच नाही. मला भीती वाटायची की ती अशीच पदराआड म्हातारी होईल, आणि शेवटी आमच्या हातात आजाराआधीचा एक गुळगुळीत चेहरा उरेल, जो तिचा राहिलेलाच नव्हता. मला तिचा आत्ताचा फोटो हवा होता. मग डोक्यात आलं, माझ्या कॅमेऱ्यात बघायला पडदाच नाही आणि पुसायला बटणच नाही. लोक याला अडाणीपणा म्हणत होते. म्हणू देत.

एप्रिलमध्ये मी कामाला लागले. फ्रीजचं दार उघडून त्याच्या आड उभी राहिले आणि आईला दिसणार नाही असा घाईघाईनं रोल भरला. अडचण एकच होती, शटरचा तो आवाज. त्यावर मी उपाय काढला कुकरचा. सकाळी आई डायनिंग टेबलावर पेपर वाचायची. स्वयंपाकघरात ती आणि मी दोघीच, म्हणून पदर खांद्यावर असायचा. मी कुकर लावायचे, कॅमेरा मांडीवर घेऊन समोर बसायचे, आणि शिट्टी झाली की बटण दाबायचे. तीन शिट्ट्या, तीन फोटो. भात झाला की डाळ, डाळ झाली की बटाटे. भेंडी चिरताना, चष्म्याच्या काचा पुसताना, पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना नावं ठेवताना, सगळं टिपलं. जुलैपर्यंत छत्तीस फोटो झाले. छत्तीसच्या पुढंही कळ फिरली, सदतीस, अडतीस. मला आनंदच झाला. म्हटलं, वा, दोन फुकटात मिळाले!

रोलवाल्या माणसाला इथंच कळायला हवं होतं. मला नाही कळलं.

एका दुपारी आई आडवी झाली होती. मी बाथरूमचं दार लावलं, अंधार केला, रोल डबीत चढवला, बर्फ घालून औषध थंड केलं, घड्याळ लावून नऊ मिनिटं डबी हलवत बसले. सगळं संपवून फिल्म उलगडून दिव्यासमोर धरली तर कोरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेसारखी स्वच्छ. कडेचे कंपनीचे आकडे तेवढे उमटलेले, म्हणजे औषध बरोबर होतं. रोलचं टोक चक्रीत अडकलंच नव्हतं. तीन महिने मी शटर दाबत होते आणि आत फिल्म जागची हललीही नव्हती.

मी किंचाळले. खरंच किंचाळले. डबी भिंतीवर आपटली आणि बादलीवर बसून भोकाड पसरलं. त्रेचाळीस वर्षांची बाई.

"काय झालं? पडलीस का? दार उघड आधी!" आई दार बडवायला लागली. मी उघडलं. हातात ती लांबलचक कोरी पट्टी. काय सांगणार? खरं तेच सांगितलं. तुझे फोटो काढत होते, न विचारता, कुकरच्या शिट्टीवर, आणि एकही आला नाही.

आईनं पट्टीचं टोक उचलून उजेडात धरलं. मग म्हणाली, "तरीच. दोन माणसांना एवढी डाळ कशाला शिजवतेय ही, असं मला वाटायचंच."

पण हसली नाही. आत जाऊन बसली. मी मागं गेले तशी म्हणाली, "मला विचारायचंस तरी. मी नको म्हणते, ते काय उगाच? माझं तोंड आहे ते. ते कुणी बघायचं हे मी ठरवायचं की तू?"

माझी चूक होती आणि मी ती कबूल केली, जे मी सहसा करत नाही. दोन दिवस आमच्यात मीठ आणि साखर याखेरीज कशावरही बोलणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी ती डाळ निवडताना मान वर न करता म्हणाली, "तुझ्या त्या कॅमेऱ्यात काढलं की तुलासुद्धा दिसत नाही?"

"नाही."

"कधी दिसतं?"

"धुतल्यावर. छापल्यावर."

"मग आधी बघायचं कुणी?"

मी म्हटलं, "तूच. तुझ्याआधी कुणी नाही. मीसुद्धा नीट बघणार नाही. तुला नाही आवडला तर मी निगेटिव्ह तुझ्यासमोर कात्रीनं कापेन."

"शपथ घे."

घेतली. जीव मुठीत धरून घेतली, कारण आईनं "काप" म्हटलं असतं तर मला कापावंच लागलं असतं.

"आणि रोल नीट अडकव," ती म्हणाली. "वीस वर्षं झाली, आणि टोक अडकवता येत नाही. घोडी झालीस नुसती!"

पण परवानगी मिळाली म्हणून फोटो मिळतो थोडाच. मी कॅमेरा उचलला की ती ताठ व्हायची आणि हात आपसूक पदराकडे जायचा. मी ठेवून द्यायचे. तोंड लपवलेल्या आईचे फोटो काढून मी काय करणार होते?

दसऱ्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडे राहायला आली. खाली आवारात तेलुगू बायकांची बतुकम्मा सुरू झाली होती. फुलांचे थर रचून, मध्ये ठेवून, भोवती टाळ्या वाजवत गाणी. पोरगी बाल्कनीच्या जाळीला नाक लावून बघायची. तिसऱ्या दिवशी आजीला म्हणाली, "त्यांचं बतुकम्मा. आपलं काय?"

"आपला भोंडला," आई पदराआडून म्हणाली.

"मग करत का नाही आपण?"

आईनं पदर आणखी वर ओढला. मी भाजी चिरत होते, ती थांबवली. पोरीनं परत विचारलं, "तुला येत नाही का?"

चाळीस वर्षं शिकवलेल्या मास्तरणीला असं विचारायचं! आई उठली, पाट काढला, तांदूळ घेतले आणि हत्ती काढायला बसली. सोंड काढून झाल्यावर मला म्हणाली, "शेजारी सांग. संध्याकाळी गच्चीवर. आणि खिरापत काय आहे ते कुणाला बोलू नकोस. ओळखू देत."

संध्याकाळी गच्चीवर मराठी बायका सहा, पोरी चार, आणि गंमत बघायला आलेल्या समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू काकू. भाऊही ऑफिसातून आला होता, गळ्यात तो डिजिटल. मी म्हटलं, "खिशात घाल ते. आज बाहेर काढलंस तर बघ." त्यानं गुपचूप घातलं. आई कठड्याशी खुर्ची घेऊन बसली. ती सांगणार आणि बाकीच्या फिरणार, असं तिनं ठरवलं होतं. पण बसून, तोंडावर पदर धरून गाणं सांगितलं तर ऐकू कुणाला येणार? दोन ओळी झाल्या आणि फेर अडखळला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

भाची फेरातून सुटली आणि आजीपुढं येऊन उभी राहिली. "आजी, चल ना. हात दे."

आईनं उजवा हात दिला. डाव्यानं पदर धरलेला होता. तिकडून काकूंनी तो हात मागितला. "रंडी अम्मा, चेय्यि इव्वंडी," या, हात द्या म्हणून. भोंडल्याचा फेर दोन्ही हात दिल्याशिवाय होत नाही. तिथं कुणाला एक हात स्वतःसाठी राखून ठेवता येत नाही. आई क्षणभर थांबली. मग तिनं पदर सोडला, खांद्यावर टाकला, आणि डावा हात काकूंच्या हातात दिला.

आणि गायला लागली. आवाज तोच, भिंतीतून जाणारा. म-ब निसटत होते, निसटू देत. दुसऱ्या गाण्याला तर तिनंच फेराचा वेग वाढवला. मला कॅमेऱ्याची आठवण झाली ती तिसऱ्या गाण्याला. उजेड उतरत आला होता. मी कळ फिरवली, रिवाइंडची चक्री फिरतेय, म्हणजे आत फिल्म सरकतेय, की नाही ते डोळ्यांनी दोनदा बघितलं, आणि दाबलं. कुणाला आवाज ऐकू गेला नाही. पाचसहा फोटो काढले असतील. मग मला दिसेनासं झालं, कारण माझं रडं आवरेना. म्हटलं, मरू दे फोटो, आणि मीही फेरात शिरले.

वाटलं होतं, सुटलो. कसचं काय! दुसऱ्या दिवशी दूधवाल्याची बेल वाजली आणि पदर पुन्हा तोंडावर. भाचीसमोरही. मी चिडून म्हटलं, "काल तर..."

"काल अंधार पडत होता," आई म्हणाली. "आणि पोरगी गाण्याच्या नादात होती. तिनं काही बघितलं नाही."

मी रोल धुतला. या वेळी आई दाराबाहेर घड्याळ घेऊन उभी राहिली आणि एकेक मिनिट ओरडून सांगत होती, जशी परीक्षेत सांगायची. फिल्मवर उमटलं होतं. शपथेप्रमाणे मी डोळे अर्धवट मिटूनच ती दोरीवर वाळत घातली. पण निगेटिव्हमध्ये माणसाला काय कळतंय? काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. छापायला कोठीतच जायला हवं होतं. तिथं एका बोळात एक म्हातारे चाचा होते. सगळ्यांनी छपाईची मशिनं घेतली, पण त्यांनी मागच्या खोलीतली अंधारकोठडी मोडली नव्हती.

"चाचांना देऊन येते," मी म्हटलं.

"म्हणजे तो माणूस माझ्याआधी बघणार?"

"अगं, छापणार तोच ना."

"शपथ काय घेतली होतीस?" आई उठली आणि चपला शोधायला लागली. "मी येते."

दीड वर्षानंतर ती घराबाहेर पडत होती, आणि तेही माझ्यावर विश्वास नाही म्हणून. रिक्षात ती पदर घट्ट धरून बसली. काचिगुड्याच्या चौकात ओळखीच्या एक बाई दिसल्या तशी मान फिरवली. कोठीत चाचांनी तिला बघून खुर्ची पुसली, तर मी म्हटलं, फोटो उमटताना आईलाच आधी बघायचेत. "अम्मा अंदर आते? आओ जी, जगा थोडी कम है, मगर आओ."

आतमध्ये तांबडा दिवा. त्या उजेडात कुणाचाच चेहरा धड दिसत नव्हता. चाचांनी निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडला आणि कागद औषधाच्या ताटलीत सोडला. कोराच होता. आई माझा दंड धरून वाकली. आधी केस उमटले, मग साडीचे काठ, मग कठडा, मग हात, एकमेकांत अडकलेले. मग तोंड. उघडं, गाणारं, एका बाजूला उतरलेलं तोंड. आईनं माझा दंड इतका दाबला की मला दुखलं. मी मनात म्हटलं, आता म्हणणार, काप.

पण ती स्वतःकडे बघतच नव्हती. तिचं बोट ताटलीच्या काठावर खाली सरकलं. तिथं भाची होती. आजीचा हात धरून, मान वर करून, ती सरळ आजीच्या तोंडाकडे बघत होती. दुसरीकडे कुठंही नाही. आणि तोंडभर हसत होती.

"ही माझ्याकडे बघत होती?"

"हो."

चाचांनी दुसरा कागद सोडला. पुढचा फोटो. फेर पुढं सरकलेला, आई वळलेली, आणि पोरगी तशीच मान वर करून तिच्याकडे बघत. तिसऱ्यातही.

"सगळा वेळ?" आई म्हणाली.

"बघ ना तूच."

ती बघत राहिली. मग त्या तांबड्या अंधारात माझी आई रडायला लागली. "मी उगीच गं," ती म्हणाली. "दीड वर्ष मी त्या लेकरापासून उगीच तोंड लपवलं."

चाचा पाठ करून कागद धुवत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुसले आणि बटणाशी जाऊन थांबले.

"लाइट डालूं अम्मा?"

आईनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि पदर खांद्यावर टाकला.

"डालो," ती म्हणाली.